कोणती लाईन सेफ आहे? – एका इन्स्ट्रुमेंटवाल्याचं जरा लांबलेलं उत्तर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा ऐरोलीत वाढलेला, १२वी सायन्सची परीक्षा दिलीय, ५५-६० टक्के पडतील असा अंदाज, सीईटीचं काही खरं नाही. मिस्टर म्हणतात आयटीआय करून कमवायला लाग, दीर म्हणतात गावची अर्धा एकर काढू पण कॉम्प्युटर इंजिनिअरिंगलाच घालू, आणि क्लासचे सर म्हणतात एआय आल्यावर सगळ्यात आधी कॉम्प्युटरवाल्यांचंच वाजणार. या तिघांच्या मधे तुम्ही, आणि शेवटी विचारलंय, "पुढची २५ वर्षं सेफ राहील अशी एक लाईन सांगा."

मी करिअर काउन्सेलर नाही हे आधीच सांगतो. १९९१ ला आयटीआय झालो, ट्रेड इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक, म्हणजे कारखान्यातली दाब, पातळी, तापमान मोजणारी यंत्रं सांभाळणारा. ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कंपनीत अ‍ॅप्रेंटिस लागलो, तिथेच पर्मनंट झालो, मग कंपनीच बंद पडली, मग काही वर्षं कॉन्ट्रॅक्टरकडे, आणि गेली १६ वर्षं अ‍ॅप्रेंटिस पोरांना शिकवायचं काम करतोय, त्यांना घेताना इंटरव्ह्यूला पण मीच बसतो. म्हणजे पोरं आत कशी येतात, कुठे अडकतात आणि चार वर्षांनी कुठे असतात एवढंच मला माहितीय, त्याच्या बाहेरचं फार नाही.

तर लाईनचं उत्तर सरळ आहे, अशी लाईन नाही. आणि जो छातीठोक सांगेल की आहे त्याच्या क्लासची फी आधी विचारा.

मोठे मोठे लोक पण या बाबतीत अंधारात चाचपडतायत. वर्ल्ड इकॉनॉमिक फोरम, ते दावोसवाले, त्यांचा नोकऱ्यांच्या भविष्यावर अहवाल येतो. २०२० च्या अहवालात होतं की २०२५ पर्यंत ८.५ कोटी कामं जातील आणि ९.७ कोटी नवी येतील, म्हणजे बेरीज. २०२३ ला तेच म्हणाले ६.९ कोटी येतील आणि ८.३ कोटी जातील, म्हणजे वजाबाकी. २०२५ ला परत बेरीज, २०३० पर्यंत १७ कोटी येणार आणि ९.२ कोटी जाणार. दर वेळी हिशोबात धरलेले देश आणि कंपन्या वेगळ्या, मान्य, पण पाच वर्षांत उत्तराचं चिन्हच दोनदा बदललं ना. मग तुम्ही-मी २०५० चं काय सांगणार?

त्यापेक्षा एक जुनी गोष्ट जास्त कामाची आहे. २०१३ ला ऑक्सफर्डच्या दोन संशोधकांनी सांगितलं होतं की अमेरिकेतल्या ४७ टक्के नोकऱ्यांवर मशीनची टांगती तलवार आहे, जगभर बोंब झाली. मग २०१६ ला ओईसीडी या श्रीमंत देशांच्या संघटनेसाठी दुसऱ्यांनी तोच हिशोब केला तर २१ देशांचं सरासरी उत्तर आलं ९ टक्के. एवढा फरक का, तर पहिल्यांनी अख्खी नोकरी एक वस्तू म्हणून मोजली आणि दुसऱ्यांनी नोकरीच्या पोटातली कामं सुटी सुटी करून बघितली. मला हे वाचल्यावर एकदम पटलं कारण प्लांटमध्ये आम्ही हेच बघितलंय. नोकरी म्हणजे मोळी असते, त्यातल्या काही काड्या मशीन काढून नेतं आणि बाकीची मोळी ढिली होऊन तुमच्या हातात राहते, ती परत कशी आवळायची हा खरा प्रश्न असतो.

माझंच सांगतो, जरा लांब आहे पण यातच तुमचं उत्तर आहे.

मी लागलो तेव्हा आमचा प्लांट हवेवर चालायचा. म्हणजे खरंच हवेवर. टाकीत किती माल आहे, पाइपात किती प्रेशर आहे, हे सगळं कंट्रोल रूमपर्यंत पोचायचं ते पातळ तांब्याच्या नळीतून, हवेच्या दाबाने. ३ पीएसआय (पीएसआय हे दाबाचं माप) म्हणजे शून्य टक्के, १५ पीएसआय म्हणजे शंभर टक्के, मधे ९ म्हणजे अर्धं. आमचे एक सिनियर होते, सगळे त्यांना काका म्हणायचे, बोलायला तिरसट, डबा मात्र अर्धा आमच्या ताटात. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं, "शून्य टक्क्याला ३ का रे? शून्यच का नाही ठेवला?" मी म्हटलं, बनवणाऱ्याने तसं बनवलंय. त्यांनी काही न बोलता नळीचं कनेक्शन सोडलं, फुस्स झालं, आणि गेजचा काटा खाली शून्यावर जाऊन बसला. म्हणाले, "आता सांग, टाकी रिकामी आहे की नळी तुटलीय?" तेव्हा डोक्यात उजेड पडला. रिकामी टाकी ३ दाखवते, तुटलेली नळी शून्य दाखवते, आणि हे दोन वेगळे दिसावेत म्हणून तो ३ ठेवलाय, नाहीतर टाकी भरलेली असताना तुम्ही रिकामी समजून अजून ओताल आणि खाली माणसं असतील.

पुढे हवा गेली आणि करंट आला, ४ ते २० मिलिअ‍ॅम्पिअर. सगळं शॉप घाबरलेलं की आता इलेक्ट्रॉनिक्सवाली पोरं येणार आणि आपल्याला घरी बसवणार. मी कागद बघितला तर ४ म्हणजे शून्य टक्के. मनात म्हटलं, अरे हा तर काकांचाच ३ आहे. वायर तुटली तर शून्य येईल, टाकी रिकामी असेल तर ४ येईल. वस्तू सगळी बदलली होती, कारण तेच होतं.

मग १९९७ ला डीसीएस आलं, म्हणजे आख्ख्या प्लांटचं पॅनेल उखडून त्या जागी कॉम्प्युटरचे स्क्रीन. आता गंमत बघा, डीसीएस ही वस्तू जगात आली १९७५ ला, अमेरिकेत आणि जपानमध्ये जवळजवळ एकदमच. आमच्याकडे यायला २२ वर्षं लागली, आणि आल्यावर बसवायला एक शटडाऊन, म्हणजे प्लांट बंद ठेवून केलेलं काम, २१ दिवस. बदल असाच येतो, वर्षानुवर्षं नुसता येणार येणार ऐकू येतो, लोक कंटाळून ऐकायचं सोडतात, आणि मग एका शटडाऊनमध्ये येऊन बसतो. एआयबद्दल सध्या दोन पार्ट्या आहेत, उद्याच सगळं खलास म्हणणारी आणि काही होत नाही म्हणणारी, मला दोन्हीत राम वाटत नाही तो यामुळे.

आमच्या शॉपला ११ माणसं होती, डीसीएसनंतर वर्षाच्या आत ६ राहिली. यात हुशार राहिले आणि ढ गेले असं झालं नाही बरं का. आमच्यात सगळ्यात सफाईदार हात होता एका सिनियरचा, चार्ट रेकॉर्डर, म्हणजे रीडिंगची रेघ कागदावर ओढणारं यंत्र, उघडून त्याची पेन, शाई, घड्याळ सगळं असं बसवायचे की बघत राहावं. ते व्हीआरएस घेऊन गेले. आणि काका, ज्यांना माऊस धरताना घाम फुटायचा, ते रिटायर होईपर्यंत राहिले, कारण लूप चेकिंगला, म्हणजे टाकीवरच्या यंत्रापासून स्क्रीनपर्यंतची साखळी तपासायला, फील्डमध्ये त्यांच्याशिवाय पान हलेना. स्क्रीनवर आकडा चुकीचा दिसला तर नवी पोरं सॉफ्टवेअर उकरत बसायची आणि काका सांगायचे, त्या लाईनच्या टॅपिंगला (यंत्राकडे जाणाऱ्या बारीक नळीत) माल गोठला असेल, पाऊस पडतोय सकाळपासून, जा आणि आधी स्टीम ट्रेसिंग (पाइप गरम ठेवणारी वाफेची नळी) बघ. त्या दुसऱ्या सिनियरना रेकॉर्डर येत होता, पण प्लांट येत नव्हता. रेकॉर्डर गेला तसे ते गेले. मला अजून वाईट वाटतं त्यांचं, कारण आम्ही सगळे त्यांनाच गुरू मानायचो आणि कंपनीनेही वीस वर्षं त्यांना त्या एका टेबलावरून उठू दिलं नव्हतं. चूक एकट्या त्यांची नव्हती.

२००५ ला कंपनीच बंद झाली. कारणं सांगत बसत नाही, ठाणे-बेलापूर रोडच्या जमिनीचे भाव तुम्हाला माहिती आहेत. हिशोबाचे पैसे मिळायला पावणेदोन वर्षं लागली. मी आठ महिने कळव्याला घरी बसून होतो, तेव्हा ठाण्याहून नवी मुंबईला जाणारी ट्रान्स-हार्बरची गाडी नवीन नवीन सुरू झालेली, रोज सकाळी ठाण्याला जाऊन ती पकडायची, रबाळे, महापे, तुर्भे अशी एमआयडीसी पायी फिरायची, बायोडेटा द्यायचा. शेवटी एका कॉन्ट्रॅक्टरने घेतलं ते माझ्या सर्टिफिकेटवर नाही, त्याने एक लूप ड्रॉइंग समोर टाकलं आणि विचारलं व्हॉल्व्ह फेल झाला तर उघडा राहायला पाहिजे की बंद. मी त्याला उलट विचारलं, पाइपात काय आहे आणि पुढे काय आहे? तो म्हणाला, उद्यापासून या.

आता मुद्द्यावर येतो. तुम्ही विचारताय लाईन, आणि मला भीती वेगळ्याच गोष्टीची वाटते. लाईन जात नाही हो एवढ्यात, लाईनमध्ये शिरायची जागा जाते. पूर्वी नवीन पोरगं आलं की त्याला सगळं कच्चं, कंटाळवाणं काम दिलं जायचं. टॅग नंबरची यादी कर, रिपोर्ट टाइप कर, ड्रॉइंगवर लाल पेनाने खुणा कर, सिनियरच्या मागे टूल बॅग घेऊन फिर. आयटीत पण तसंच, छोटे बग काढ, टेस्टिंग कर. अकाउंटला व्हाउचर लाव. हे काम कंपनीच्या फारसं कामाचं नसायचं पण पोरगं त्यातच घडायचं. नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं, आणि त्यानंतरची ही सगळी एआय नेमकं हेच कच्चं काम झपाट्याने करतात. मग मॅनेजर म्हणतो, फ्रेशर कशाला, मला तीन वर्षं अनुभव असलेला द्या. सगळेच तसं म्हणायला लागले तर तीन वर्षांचा अनुभव मिळणार कुठे?

मी कळव्याचा आहे म्हणून मला हे असं दिसतं. गाडी आहे, भरपूर आहेत, पण फास्ट आहेत, आपल्या स्टेशनला थांबत नाहीत. डोळ्यादेखत धाडधाड निघून जातात. मग काय करतो आपण, मुंबईला जायचं तर आधी उलटं डोंबिवलीला जातो आणि तिथून बसून येतो. तुमच्या मुलाला पण अशी जागा शोधायचीय जिथे गाडी अजून थांबते, भले ती थोडी उलट्या दिशेला असेल.

मागच्या वर्षी एक पोरगा होता माझ्याकडे, चुणचुणीत, इंग्रजी चांगलं. त्याला एका प्रेशर ट्रान्समीटरचं (दाब मोजून करंटने कळवणारं यंत्र) कॅलिब्रेशन दिलं, म्हणजे ते बरोबर मोजतं का ते तपासायला. त्यात असं असतं की प्रेशर ०, २५, ५०, ७५, १०० टक्के असं चढवत न्यायचं आणि प्रत्येक ठिकाणी करंट किती येतो ते लिहायचं, ४, ८, १२, १६, २० च्या जवळपास यायला पाहिजे, आणि मग तसंच उलटं उतरवत यायचं. अर्ध्या तासात रिपोर्ट हजर, एकदम छापील, खाली निष्कर्ष वगैरे सुंदर भाषेत. मी आकडे बघितले तर चढतानाचे आणि उतरतानाचे सगळे रीडिंग हुबेहूब, तिसऱ्या दशांशापर्यंत. जुना ट्रान्समीटर असा कधी वागत नाही. चढताना आणि उतरताना थोडा फरक पडतोच, तो किती पडला हेच तर बघायचं असतं. मी विचारलं कुठे बसून केलंस, तो खाली बघायला लागला. चार रीडिंग घेतले होते, बाकीचे एआयला भरायला लावले.

खोटं कशाला बोलू, टेबलावर बसून रीडिंग भरायची कला आमच्या पिढीने शोधलीय, एआयने नाही. फरक इतकाच की आम्ही भरायचो तेव्हा चोरी पकडली जाऊ नये म्हणून मुद्दाम थोडे वाकडे आकडे टाकायचो, आणि वाकडे किती टाकायचे हे कळायला खरं कॅलिब्रेशन पन्नास वेळा केलेलं असावं लागायचं. या पोराने ते एकदाही पूर्ण केलं नव्हतं म्हणून त्याला खोटं पण नीट जमलं नाही. त्याला मी काढला नाही. एकच सांगितलं, एआय वापर, रिपोर्टची भाषा त्याच्याकडूनच लिहून घे, तुझ्यापेक्षा बरी लिहितो, पण आकडा तुझ्या डोळ्यांनी बघितलेला पाहिजे. आणि ते एआयने भरलेले आकडे चुकलेत हे त्याला कुणी दाखवलं? मी, कारण मी शेजारी होतो. घरी बसून ऑनलाईन कोर्स करणाऱ्या पोराला ते कोण दाखवणार.

तर इथपर्यंत माझं म्हणणं एवढंच की लाईनपेक्षा जागा बघा, जिथे पोराला हाताने चुकायला मिळेल आणि चूक झाल्यावर "फुस्स" करून दाखवणारा काका शेजारी असेल. तसं शिकलेलं पुढच्या लाईनला बरोबर येतं, बाकीचं तिथेच राहतं.

आता तुमच्या तीन पर्यायांबद्दल. हे परिस्थितीवर अवलंबून आहे आणि काही गोष्टी तुम्ही लिहिलेल्या नाहीत. घरात मुलाने कमवायची घाई किती आहे, एक वर्ष थांबता येतं की तीन? त्याला स्वतःला काय करताना वेळेचं भान राहत नाही? मोबाईल सोडून सांगा. रात्रपाळी झेपेल का? आणि एक जे कुणीच विचारत नाही, त्याला रंग नीट ओळखता येतात का? हसू नका. इलेक्ट्रिकल आणि इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये वायरी रंगावर असतात, माझ्याकडे दोन पोरं आयटीआयची दोन वर्षं पूर्ण करून आली आणि मेडिकलला कलर व्हिजनमध्ये अडकली, तोपर्यंत घरच्यांना काय, त्यांना स्वतःलाही पत्ता नव्हता. डोळ्यांच्या डॉक्टरकडे ती ठिपक्यांची पुस्तिका असते, पाच मिनिटांचं काम आहे, अ‍ॅडमिशनच्या आधी करून घ्या.

जमिनीचं मी स्पष्ट सांगतो, विकू नका. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग वाईट आहे म्हणून नाही. कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारी प्रवेश फेरीतून, बऱ्या कॉलेजात सीट लागली, फी सवलतीत बसली, आणि पोराने आत्तापर्यंत स्वतःहून काहीतरी बनवून बघितलेलं असेल, साधी एक वेबसाईट का असेना, तर खुशाल घाला, चांगला प्रोग्रामर उपाशी मरणार नाही. पण मॅनेजमेंट कोट्यातून पैसे भरून, लॅबला कुलूप असलेल्या कॉलेजात, फक्त डिग्रीच्या नावासाठी घालत असाल तर तुम्ही नेमकं तेच विकत घेताय जे सगळ्यात स्वस्त होत चाललंय. चार वर्षं फळ्यावरचा कोड वहीत उतरवणारी पोरं मी इंटरव्ह्यूला बघतो, जीव तुटतो. (तुम्हाला मुलगा आहे, पण हे वाचणाऱ्या कुणाला मुलगी असेल तर २०२४-२५ पासून महाराष्ट्रात ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, ओबीसी, एसईबीसी मुलींना कॅपमधून व्यावसायिक कोर्सला घेतलं तर शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, ते बघून मगच पैशाचा विचार करा.)

मधला रस्ता मात्र तुमच्या घरात कुणी बोललेलंच दिसत नाही. १२वी सायन्सवाल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, म्हणजे दोन वर्षांत डिप्लोमा. तिथून पुढे वाटलं तर डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. आयटीआयचा दोन वर्षांचा ट्रेड केला तरी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाचा तोच दरवाजा उघडा आहे. म्हणजे मिस्टर म्हणतात ते आणि दीर म्हणतात ते एकमेकांच्या विरुद्ध नाहीच, एका रस्त्यावरची दोन स्टेशनं आहेत, फक्त एकाने आधी कमवत जायचंय. माझ्या हाताखालचे आज जे सगळ्यात बऱ्या जागी आहेत ते बहुतेक असेच तुकड्या-तुकड्याने शिकलेले, दोन वर्षं ट्रेड, मग नोकरी, मग डिप्लोमा, मग कुणी मुक्त विद्यापीठातून काहीतरी. आणि मला वाटतं तुमच्या मुलाच्या पिढीला तसंही असंच शिकावं लागणार आहे, २२ व्या वर्षी शिक्षण संपलं आणि ५८ पर्यंत तेच खाल्लं हा प्रकार आमच्याबरोबर गेला. लग्नाच्या बायोडेटात आयटीआय शब्दाला लोक अडखळतात हे मी नाकारत नाही, मला पण दोन स्थळांनी परत पाठवलं होतं.

आयटीआय किंवा डिप्लोमानंतर अ‍ॅप्रेंटिसशिप सोडू नका. १९६१ चा कायदा आहे, ३० किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला अडीच ते पंधरा टक्के अ‍ॅप्रेंटिस घ्यावेच लागतात. आयटीआय पास पोराला किमान स्टायपेंड २०१९ च्या नियमात महिना ७००० धरला होता, थोडा आहे हे मलाही कळतं, ऐरोलीहून जाण्या-येण्यात आणि वडापावात जातो. पण ती वर्षभराची जागा म्हणजे गाडी थांबणारं स्टेशन आहे. फक्त कंपनी बघून घ्या. काही ठिकाणी अ‍ॅप्रेंटिस म्हणजे स्वस्तातला हेल्पर, वर्षभर पॅकिंगला उभा करतात आणि शेवटी सर्टिफिकेट देतात. जॉइन व्हायच्या आधी तिथल्या जुन्या अ‍ॅप्रेंटिसला गेटबाहेर चहावर गाठा आणि विचारा, तुला कधी बिघडलेलं काही उघडायला दिलं का, आणि चुकलास तेव्हा कोण बोललं? दोन्हीची उत्तरं पटकन आली तर जागा बरी. एचआर काय सांगतात त्यावर जाऊ नका, ते चांगलंच सांगतात.

मिस्टरांना आयटीआयच हवं असेल तर कुठला ट्रेड, हे पण लोक विचारतात. इथे माझा अंदाज किती चुकू शकतो ते सांगतो म्हणजे तुम्ही मला फार गंभीरपणे घेणार नाही. २०१२-१३ च्या सुमाराला एक मुलगी आली होती दिव्याहून, तिला रेफ्रिजरेशन-एसीचा ट्रेड घ्यायचा होता. मी तिला समजावलं, पोरी, हे गच्चीवर चढून एसी दुरुस्त करायचं काम, मुलींना साईटवर कुणी घेत नाही, त्यापेक्षा कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटरचा ट्रेड) कर, ऑफिसात कॉम्प्युटरवर बसशील. तिने ऐकलं नाही. आज ती रबाळ्याला एका डेटा सेंटरमध्ये शिफ्ट इन्चार्ज आहे. जगभर ज्या एआयच्या नावाने बोंब चाललीय तो एआय ज्या मशीनवर चालतो ती मशीनं आगीसारखी तापतात, त्यांना थंड ठेवायला चिलर लागतात, लाईट गेली तर यूपीएस आणि जनरेटर लागतात, आणि हे सगळं ऐरोली, रबाळे, महापे पट्ट्यात, तुमच्या घरापासून दोन-चार स्टेशनांवर उभं राहिलंय. आणि ज्यांना मी "कोपा कर, सेफ आहे" म्हणालो त्यातल्या बऱ्याच जणींचं डेटा एंट्रीचं काम गेलं. मी तिला भेटलो की ती अजून टोमणा मारते, सर गच्ची कुठेय?

पण यावरून "डेटा सेंटर सेफ" असं पण लिहून घेऊ नका. चिलर सांभाळायला फार माणसं लागत नाहीत, एका शिफ्टला मोजकी असतात, आणि जास्त करून कॉन्ट्रॅक्टवर. विमानतळाचं पण तेच, डिसेंबर २०२५ ला विमानं उडायला लागल्यापासून उलवे-पनवेल साईडची पोरं फोन करतात, सर लावा ना कुठेतरी. कामं आहेत, पण आधी कोणत्या एजन्सीच्या पगारावर आणि काय शिकायला मिळणार ते विचारा, नुसता गळ्यात विमानतळाचा पास म्हणजे करिअर नाही. सरकारी परीक्षेचं तुम्ही विचारलं नाहीत म्हणून एका ओळीत, काम करता करता द्या, सगळं सोडून चार वर्षं लायब्ररीत बसू नका.

निकाल लागेपर्यंत महिना-दीड महिना आहे ना? त्यात एक काम सांगतो. तुमच्या सोसायटीचा पाण्याचा पंप जो माणूस बघतो, इलेक्ट्रिशियन असेल किंवा वॉचमनच असेल, त्याच्याबरोबर मुलाला पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ उभा करा. हात लावायचा नाही, पॅनेलला ४१५ व्होल्ट असतात, फक्त बघायचं आणि विचारायचं. एका वहीत रोज तीन ओळी, काय दिसलं, काय केलं, काय बाकी राहिलं. आम्ही शिफ्ट बदलताना असंच लॉगबुक लिहितो, आणि तुम्हाला सांगतो, हे तीन ओळींत नीट लिहिणारं पोरगं दहात एखादंच निघतं. पंपाच्या पाटीचा फोटो काढून एआयला विचारू दे की एचपी म्हणजे काय, हेड म्हणजे काय, मोटर किती अ‍ॅम्पिअर घेईल, आणि ते उत्तर घेऊन त्या पंपवाल्याकडे जाऊ दे. दोघांचं जुळलं नाही तर कोण बरोबर हे त्याने शोधायचं. पंधरा दिवसांत वही भरली आणि सोळाव्या दिवशी तो स्वतःहून खाली गेला तर त्याला हाताच्या कामात गोडी आहे. तिसऱ्या दिवशी वही कुठेतरी पडली तर तेही उत्तरच आहे, त्यात काही बिघडलं नाही, मग आपण कॉम्प्युटरकडे किंवा कॉमर्सकडे बघू, पण तुकड्याने शिकायचं गणित तेच.

आणि डोळ्यांची तपासणी या आठवड्यातच करा. निकाल लागला की मार्क, कलर व्हिजनचं काय निघालं आणि वहीतल्या कुठल्याही दोन दिवसांच्या नोंदी इथेच टाका, बघून पुढचं सांगतो.